दोन डोळ्यांसाठी केलेला अर्ज

हिमानी,

तुझ्यावर लिहू का म्हणून फोनवर विचारलं, तेव्हा तू म्हणालीस, लिहा, पण मला बिचारी करू नका. करणार नाही. बिचाऱ्या माणसांवर लिहायचा मला कंटाळा आहे. वाचताना जिथे ‘मॅडम, हे असं नव्हतं’ वाटेल तिथे पेन्सिलीने खूण कर आणि गप्प बस, वर्गात बसायचीस तशी. एक आधीच सांगून टाकते. तू मुंबईला गेल्यापासून बुऱ्हाणपूरच्या लालबागेतल्या तुमच्या माडीची खिडकी बंद असते आणि गच्चीवर कपडे काढायला गेले की माझी नजर तिकडे जाते. त्याचा मला राग येतो. या वयात नवीन सवयी लागू नयेत.

पुढचं सगळं तुला माहीत आहे. इतरांना नाही. तेव्हा आता तुझ्याकडे पाठ करून त्यांना सांगते.

हिमानी माझी विद्यार्थिनी. अकरावी-बारावीला मी तिला फिजिक्स शिकवलं. इंजिनीअर झाली, स्पर्धा परीक्षा दिली आणि मुंबईला पेटंटच्या सरकारी ऑफिसात परीक्षक झाली. कोणी नवी वस्तू शोधल्याचा दावा करून अर्ज केला, की ती वस्तू खरंच नवी आहे का, की जुनंच काही नवा सदरा घालून आलंय, हे तपासायचं तिचं काम. वडिलांना लकवा मारला तेव्हा ऑफिसने तिला काही काळ घरून काम करायची सवलत दिली आणि ती बुऱ्हाणपूरला आली. आई आधीच गेलेली. घरात ती, अंथरुणावरचे वडील आणि इच्छापूरहून मदतीला आलेली आत्या, सोजरबाई.

गल्लीने ‘परीक्षक’ एवढंच ऐकलं होतं. बोर्डाचे पेपर तपासते असं सगळ्यांनी ठरवून टाकलं आणि मार्चमध्ये दोन आया आपल्या पोरांचे रोल नंबर घेऊन आल्या. हिमानीने त्यांना चहा पाजून समजावून परत पाठवलं. त्या गेल्या त्या ‘भाव खाते’ म्हणतच. सोजरबाईंना तर काहीच उमगायचं नाही. त्या जिन्यातून वर तिच्या कॉम्प्युटरकडे बघून विचारायच्या, “दिवसभर त्या डबडामा काय दखस व पोरी?” पोरगी हसायची. सांगणार काय? अर्ज प्रसिद्ध झालेला असतो, तो कोणीही वाचावा. पण परीक्षकाने त्यावर काय ठरवलं, ते अहवाल निघेपर्यंत कोणापाशी बोलायचं नाही. बोलता येत असतं तरी ऐकणारं कोण होतं? माडीवर ती सकाळी नऊला चढायची आणि संध्याकाळी वडिलांच्या औषधाला उतरायची. मधल्या वेळात तिचा आवाज मी कधी ऐकला नाही.

वडील पुढच्या पावसाळ्यात गेले. त्यानंतर ती माझ्याकडे यायला लागली. चहा ती करायची. किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवूनच ओतायची. कप फुटेल, म्हणून मी एकदोनदा ओरडले. तिची पद्धत बदलली नाही.

तिच्याकडे हेडसेटचे अर्ज यायचे. डोळ्यांवर चढवायचा जाडजूड चष्मा समजा. त्यातून आपली खोली दिसतेच, पण वर यंत्र आपलं चित्र टाकतं. टेबलावर नसलेला कप दाखवायचा, तर तो टेबलावर बसलेला दिसला पाहिजे, वीतभर वर तरंगता कामा नये. डाव्या डोळ्याला वेगळं चित्र, उजव्याला वेगळं. प्रत्येकाच्या डोळ्यांतलं अंतर निराळं, म्हणून घालणाऱ्यागणिक ते जुळवून घ्यावं लागतं. या जुळवण्यावर जगभरातून अर्ज येतात. हिमानी त्यात पक्की होती आणि तिचं मनही त्यातच होतं. दुसऱ्या कुठल्या विषयावर तिला भरभरून बोलताना मी पाहिलं नाही.

असाच एक अर्ज आला. पद्धत अशी, की माणसाने भिंतीवरच्या खुणेकडे बघत डोकं डावी-उजवीकडे हलवायचं. यंत्राने दाखवलेली खूण भिंतीवरच्या खुणेपासून सरकली, तर जुळणी चुकली. न सरकेपर्यंत यंत्र दुरुस्ती करतं. आधी एका डोळ्याचं, मग दुसऱ्याचं, शेवटी दोन्ही मिळून.

फिजिक्स घेतलेल्या कोणालाही हसू येईल. बारावीच्या प्रयोगात भिंगापुढे टाचण्या उभ्या करून आम्ही हेच करतो. डोकं हलवा, टाचणी आणि प्रतिमा सोबत हलल्या तर जागा बरोबर. पॅरॅलॅक्स काढणे म्हणतात त्याला. मी वर्गभर ओरडत फिरायची, एक डोळा मिटा, एक डोळा मिटा. एकटी हिमानी डोळा मिटायची नाही आणि तिचं रीडिंग सगळ्यांत बिनचूक यायचं.

तिने अहवालात हेच लिहिलं. ही रीत जुनी, प्रयोगवहीतली. एका डोळ्याचं जमलं की दोन्हींचं जमतंच, ते कोणाही जाणकाराला सुचेल. नवं काही नाही.

अर्जदाराचं उत्तर आलं. सभ्य भाषेत, पण झोंबणारं. म्हणे, परीक्षकांनी दाखवलेली रीत एका डोळ्याची आहे. आमचा शोध तिसऱ्या पायरीत आहे. एकेका डोळ्याला बरोबर वाटलेली चित्रं दोन्ही डोळे उघडताच एकमेकांशी भांडतात, वस्तू पुढे-मागे होते, डोकं दुखतं, ते भांडण मिटवणं हाच शोध. हेडसेट घालून कोणीही खात्री करून घ्यावी.

अहवाल निघालेला होता, उत्तरही आलेलं होतं. तेव्हा ती कागद घेऊन माझ्याकडे आली. मी वाचलं आणि म्हटलं, बाई, हे बरोबर आहे की त्यांचं. एकेक डोळा ठीक म्हणजे दोन्ही मिळून ठीक, हे तू कुठून काढलंस? इतकी साधी चूक?

तिने कागदाची घडी घातली. मग म्हणाली, “सच बोलू का मॅडम? माझा डावा डोळा बघत नाही. उजेड कळतो, बस. लहानपणापासून.”

आळशी डोळा. डोळा वरून शाबूत, पण मेंदू त्याच्याकडून उजेडापलीकडे काही घेत नाही. घरच्यांना उशिरा कळलं, डॉक्टर म्हणाले आता वेळ गेली. ती लपवत नव्हती. डोळे चांगले दिसतात म्हटल्यावर कोणी विचारत नाही. किटली काठाला का टेकते, ते मला तेव्हा समजलं.

आता प्रश्न असा, की तिला शेरा द्यायचा होता. आक्षेप धरून ठेवला तर अर्ज बुडण्याच्या वाटेवर, सोडला तर मंजुरीच्या. आणि ती म्हणत होती की तिसऱ्या पायरीने फरक किती पडतो हे तिला ठरवता येत नाही. वरिष्ठांना डोळ्याचं सांगितलं, तर ही फाइल तिच्या हातून जाईल आणि हेडसेटचे सगळेच अर्ज जातील. तिच्यापाशी दुसरं होतं काय?

मी स्पष्ट सांगितलं, सांगू नकोस. पेटंट कागदावर तपासतात. आंधळ्या माणसानेही नीट वाचून नीट निकाल दिला तर तो निकालच. आक्षेप मागे घे, चूक सुधारली, विषय संपला. अजूनही माझं मत तेच आहे.

“मागे घेईन,” ती म्हणाली. “पण तुम्ही बरोबर म्हणता म्हणून. मला दिसलं म्हणून नाही. आणि पुढच्या अर्जाला?”

पुढच्या अर्जाला मी आहेच, असं मी म्हणाले. माझ्या वयाकडे बघून ती हसली. नंतर तिने विचारलं, “दोन डोळ्यांनी अंतर दिसतं म्हणजे काय दिसतं?”

मी सुरू केलं. दोन डोळे, दोन कोन, मेंदू फरक मोजतो. तिने मला अडवलं.

“ते मला पाठ आहे, तुम्हीच शिकवलंय. दिसतं कसं, ते विचारते.”

मी समोर बघितलं. कप, किटली, तिचा हात. काय सांगणार? कप अलीकडे आहे, हात पलीकडे आहे. हे तर तिलाही माहीत होतं. जन्मभर शिकवणाऱ्या बाईला गप्प बसवायला तेवढं पुरलं. तिने कप विसळले आणि घरी गेली.

तिने वरिष्ठांना कळवलं. त्यांनी चांगल्या शब्दांत उत्तर दिलं, प्रामाणिकपणाची नोंद वगैरे घेतली आणि फाइल दुसऱ्याकडे दिली. तिला शेतीच्या अवजारांचा विभाग मिळाला. फवारणीचे पंप, पेरणीयंत्रं, केळीच्या खोडातून धागा काढायचं मशीन. सोजरबाई खूष. “आते समजनं तुनं काम,” असं तिला म्हणाल्या आणि गल्लीभर सांगत सुटल्या. पूर्वी चार लोक चुकीचं का होईना विचारायचे. आता कळल्यावर कोणी विचारेनासं झालं. हिमानी काम चोख करायची. मी पंपांबद्दल विचारलं की दोन वाक्यांत उत्तर द्यायची. दावा नवा आहे, दावा जुना आहे, संपलं.

एकदा संध्याकाळी ती नेहमीपेक्षा लवकर आली. इंदूरला एका दुकानात असा हेडसेट लावून बघायला देतात, असं तिला कळलं होतं. म्हणाली, तुम्ही चला. तुम्ही घाला आणि मला सांगा. मी म्हटलं, फाइल तर गेली, आता कशाला? ती म्हणाली, फाइलसाठी नाही. तिची एकच अट होती, लेक्चर द्यायचं नाही. बघत बघत बोलायचं, कप कुठे आहे, कुठे सरकला, मला कसं वाटतंय. ती शेजारी उभी राहून ऐकणार. मी तोंडाने कुरकुर केली आणि मनातून तयारीला लागले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले माझे दोन्ही डोळे एकदाचे कोणाच्या तरी कामाला येणार होते.

जायचा दिवस ठरला त्याच आठवड्यात ऑफिसचा आदेश आला. घरून कामाची सवलत बंद, मुंबईला हजर व्हा. सोजरबाई इच्छापूरला परतल्या. मी स्टेशनवर गेले. दिवाळीला येते, तेव्हा इंदूरला जाऊ, असं ती डब्याच्या दारातून म्हणाली.

दिवाळीला ती दोन दिवस आली. घर उघडलं, झाडलं, पणत्या लावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या ओट्यावर बसून केळफूल साफ करत होती, मी मेथी निवडत होते. इंदूरला जायचं दोघींपैकी कोणीच काढलं नव्हतं. इंदूरची बस कोपऱ्यावरून वळली.

“बस गेली,” ती म्हणाली.

मी हो म्हटलं. तिने केळफुलाचं पुढचं पान सोललं.