घेरात शिवलेला पदर

आमच्या चर्चच्या आवारात एका पांढऱ्या फ्रॉकची गोष्ट अजूनही कोणी ना कोणी सांगतं. माझी नात रेनी पहिला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे पहिलं कम्युनियन, घ्यायला निघाली आणि वेदीच्या पायरीवर तिच्या फ्रॉकचा घेर उसवला, ती सगळ्यांसमोर पडली. तो फ्रॉक शिवला होता आमच्या गल्लीतल्या मृणालने, आणि मृणाल चंद्राची पूजा करते. ऐकणारे एवढ्यावरून काय ते समजतात. पण ही गोष्ट अर्धी आहे, आणि तिचा उरलेला अर्धा भाग कितीतरी आठवडे फक्त माझ्या खिशात होता. आता वय झालं. हे लिहून ठेवल्याशिवाय मला जायचं नाही.

त्या वर्षी माझी प्रार्थना कोरडी पडली होती. माझी बायको मार्था जाऊन वर्ष होत आलं होतं. रोज संध्याकाळी मी जपमाळ हातात घ्यायचो, ओठ हलायचे, पण पलीकडे कोणी ऐकतं आहे असं वाटायचं नाही. ज्याच्या मनात असा दुष्काळ असतो तो बाहेर जास्त कडक होतो, हे मी स्वतःवरून सांगतो. सावनेरच्या कोळसा खाणीत मी सर्व्हेअर होतो. जमिनीखाली हद्द आखायची आणि कोणी ती ओलांडू नये हे पाहायचं, यातच माझं नोकरीचं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर नागपुरात मुलाकडे आलो आणि घरातल्यांच्या हद्दी आखायला लागलो.

रेनी तेव्हा नऊ वर्षांची. एक दिवस शाळेतून आली आणि दप्तर न काढताच म्हणाली, "आबाजी, ईराची आई विच आहे. खरीखुरी! पण झाडू नाही तिच्याकडे, स्कुटी आहे."

ईरा तिच्या वर्गातली, आणि ईराची आई म्हणजे ही मृणाल. नागपूरचीच मुलगी, लग्नानंतर काही वर्षं नवऱ्यासोबत परदेशात राहिली आणि तिथे त्या दोघांनी विक्का नावाचा पंथ धरला. निसर्गातच देव आणि देवी पाहायचे, ऋतू बदलला की सण करायचा, पौर्णिमेला गच्चीवर दिवे लावून बसायचं, असा तो पंथ. कोणाचं वाईट करायचं नाही हा त्यांचा पहिला नियम, असं ती सांगायची. मी ते ऐकून घेतलं नाही. मला एकच शब्द कळला होता, जादूटोणा.

माझा मुलगा विल्सन आणि सून सरिता यांनी मात्र हे प्रकरण फार समजूतदारपणे हाताळलं, हे मला आज कबूल करावंसं वाटतं. तेही घाबरले होते. पण ते आधी फादरांकडे गेले. फादर म्हणाले, त्या कुटुंबाला आधी ओळखा, घरी जेवायला बोलवा, आणि आपण काय मानतो हे लेकराला आपल्या घरात नीट शिकवा. मग दोघं मृणालकडे जाऊन सरळ बोलले. रेनी खेळायला येईल, जेवेल, पण तुमच्या पूजेत बसणार नाही. मृणालने लगेच मान्य केलं. त्यानंतर पौर्णिमा आली की दुपारीच तिचा फोन यायचा, "सरिता, आज रेनीला सहाच्या आत न्या हं, संध्याकाळी आमची पूजा आहे." एकदाही तिने हा शब्द मोडला नाही. मृणाल, तिचा नवरा आणि ईरा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा आम्ही जेवणाआधीची प्रार्थना म्हटली, तेवढा वेळ ती तिघंही शांत उभी राहिली. मी त्या दिवशी मुद्दाम प्रार्थना लांबवली होती. रेनीने शेवटी माझा सदरा ओढला. "आबाजी, आमेन म्हणा ना, वरण थंडं होऊन राहिलं."

नोव्हेंबरमधल्या ख्रिस्तराजाच्या सणाला रेनीचा पहिला ख्रिस्तप्रसाद ठरला. फ्रॉकचं कापड मार्थाने जाण्याआधीच आणून ठेवलं होतं. तो तीच शिवणार होती. लग्नसराईमुळे सदर बाजारातला शिंपी नाही म्हणाला, सरिताला शिवण येत नाही, आणि मृणाल शिवणकाम करायची. रेनीने तिलाच सांगितलं. मी विरोध केला. विल्सन म्हणाला, "बाबा, ती फ्रॉक शिवणार आहे. बाप्तिस्मा नाही देऊन राहिली."

सणाच्या आदल्या दिवशी फ्रॉक घरी आला. खरं सांगायचं तर फार सुंदर होता. मुलांनी फादरांपुढे आपल्या चुका सांगायच्या, ते पहिलं पापनिवेदन त्या दुपारी होतं, म्हणून सगळे चर्चला गेले आणि मी एकटा घरी उरलो. फ्रॉक कपाटाला टांगलेला होता. मी जवळ जाऊन घेर हातात घेतला, बोटं फिरवली, आणि एका ठिकाणी पट्टीच्या आत काहीतरी जाड लागलं. ताईत, मी म्हटलं. माझ्या नातीला ख्रिस्तप्रसादाच्या वेळी ही बाई ताईत बांधते आहे. मी दाढीचं ब्लेड आणलं आणि तिथले टाके कापले.

आतून निघाला एक कापडाचा तुकडा, नीट घडी घातलेला. मार्थाच्या रविवारच्या साडीचा पदर. चर्चमधल्या उपासनेला, म्हणजे मिस्साला, ती तो डोक्यावरून घ्यायची. एका ईस्टरला मेणबत्तीने त्याला भोक पडलं होतं आणि तिने त्यावर निळ्या दोऱ्याने इवलंसं फूल काढलं होतं. ते फूल माझ्या तळहातावर होतं.

फाटक वाजलं. मी घाबरलो. तुकडा खिशात कोंबला, उसवलेली पट्टी होती तशी दुमडून हाताने दाबली आणि खोलीबाहेर आलो. रात्री सांगू, सकाळी सांगू, असं करत ती वेळ गेली.

हाताने घातलेला टाका एकदा कापला की चालताचालता निघत जातो. हे मला माहीत नव्हतं. वेदीच्या पायरीवर पोहोचेपर्यंत घेराची पट्टी लोंबायला लागली होती, तिच्यात रेनीचा पाय अडकला आणि ती पडली. तिच्या हातातली मेणबत्ती विझली, गुडघा खरचटला. मागच्या बाकावर पाहुण्यांमध्ये मृणाल आणि ईरा बसल्या होत्या. मृणाल पुढे आली, पर्समधून सुई-दोरा काढून रेनीसमोर खाली बसली आणि घेर उलटून पाहिला. टाके तुटलेले नव्हते, कापलेले होते. तिने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग ती सरिताला म्हणाली, "माझीच चूक. टाका कच्चा राहिला."

चारपाच टाके घालून तिने रेनीला उभं केलं, आणि माझ्या नातीने ख्रिस्तप्रसाद घेतला. मीही घेतला. त्या दिवशी तो माझ्या जिभेवर किती जड होता ते मी सांगू शकत नाही.

बाहेर बायका बोलायच्या ते बोलल्या. "चेटकिणीच्या हातचं घालाल तर असंच होईन ना." आठवडे गेले तरी बोलणं थांबेना. शेवटी सरिता थकली आणि रेनीला म्हणाली, "थोडे दिवस ईराकडे नको जाऊस, बाई." रेनी वाद घालत बसली नाही. पण सणाच्या दिवशी घरी आल्याआल्याच तिने घेर चाचपून पाहिला होता आणि तुकडा नाही हे तिला कळलं होतं. त्यानंतर दर रविवारी मिस्सा संपली की ती बाकांखाली वाकून शोधायची. मी विचारलं, काय शोधतेस? ती म्हणाली, "आजीचा पदर. आजीले पण माझ्या कम्युनियनले यायचं होतं ना. मी मृणालमावशीला सांगून आत शिवून घेतला होता. मी पडली तेव्हा पडला असन." आणि पुन्हा वाकली. तुकडा त्या वेळी माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. मी तिच्यासोबत खाली वाकलो आणि शोधल्यासारखं केलं. आयुष्यात मी बऱ्याच चुका केल्या आहेत, पण इतकं नीच काम दुसरं केलेलं आठवत नाही.

मग ईस्टरआधीचा उपवासकाळ आला. दर शुक्रवारी आम्ही क्रूसाची वाट करतो, म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासातल्या एकेका प्रसंगापुढे थांबून प्रार्थना. चौदा स्थानं, एकेक जण एकेक स्थान वाचतो. त्या शुक्रवारी वाचणारे एक गृहस्थ आले नाहीत आणि फादरांनी ऐनवेळी पुस्तक माझ्या हातात दिलं. सहावं स्थान होतं. वेरोनिका गर्दीतून पुढे येते आणि आपल्या कापडाने येशूचा चेहरा पुसते. मी पहिली ओळ वाचली आणि पुढचं दिसेना. वेदीसमोर सुई-दोरा घेऊन बसलेली मृणाल मला दिसली. सगळे माझ्याकडे पाहत उभे होते. मी डोळे पुसायला खिशातून रुमाल ओढला आणि त्याच्यासोबत तो तुकडा बाहेर आला, खाली पडला.

रेनी पुढेच उभी होती. तिने तो उचलला. तिचा चेहरा जो उजळला तो मी विसरणार नाही. "आबाजी!" ती कुजबुजली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "तुम्हाले भेटला? कुठे भेटला?"

इथे मला थांबून सांगितलं पाहिजे. त्या लेकराने माझ्यासाठी दार उघडंच ठेवलं होतं. 'बाकाखाली भेटला' एवढं म्हटलं असतं तर मी तिच्या नजरेत देवदूत झालो असतो, आणि कोणालाही काही कळलं नसतं. शब्द ओठांवर आले होते. ते बाहेर का पडले नाहीत, हे मी आजही सांगू शकत नाही. ती ताकद माझी नव्हती, एवढंच मला माहीत आहे. वर्षभर मी ज्याला हाका मारत होतो तो इतका जवळ उभा आहे, असं मला त्या क्षणी वाटलं. मी म्हणालो, "बेटा, हे संपू दे. बाहेर सांगतो."

बाहेर कडुलिंबाखाली मी तिला सगळं सांगितलं. ब्लेडसकट. ती बराच वेळ तुकडा बोटाभोवती गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मी बाकाखाली शोधत होती, तेव्हा तुमच्या खिशात होता?" मी हो म्हटलं. तिला रडू आलं. मी जवळ घ्यायला गेलो तर मागे सरकली. थोड्या वेळाने डोळे पुसून म्हणाली, "चला. मृणालमावशीला सॉरी म्हणा. ईराले पण."

मृणालने दार उघडलं. मी उभ्याउभ्याच बोलायला लागलो. ती म्हणाली, "काका, आधी बसा. ब्लेडचा काप मला त्याच दिवशी कळला होता."

"मग बोलली काहून नाही, बेटा?"

"तो रेनीचा दिवस होता. तिच्या आबाजीला तिथे उघडं पाडून मी काय मिळवलं असतं?" मग हसली. "पण आत काय आहे ते मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मंतरलेलं नव्हतं. सरिताच्या सासूबाईंच्या जुन्या साडीचा पदर होता, हे तिला सांगायचं राहून गेलं, तेवढी माझी चूक."

आतून दोन्ही मुलींच्या हसण्याचा आवाज येत होता. मी माफी मागितली. तिने पाणी दिलं, चहा दिला, आणि म्हणाली की जूनमधल्या मिरवणुकीला रेनी हाच फ्रॉक घालणार आहे ना, तेव्हा घेर पुन्हा शिवावा लागेल. "आता तुम्हीच शिवा, काका. मी दाखवते."

घरी सगळं सांगितल्यावर विल्सन बरेच दिवस माझ्याशी मोजकंच बोलला. ते मला सोसलंच पाहिजे होतं. सरिता संत्रा बर्फी घेऊन मृणालकडे गेली आणि दोघी खूप वेळ बोलत बसल्या. पौर्णिमेचे फोन पुन्हा यायला लागले. मी मात्र दुपारी मृणालच्या घरी तुरपाई शिकत होतो. माझे हात थरथरतात, म्हणून सुईत दोरा ओवायला ईरा आणि रेनी भांडायच्या. "आबाजी, हा टाका आहे का खाणीतला बोगदा?" असं ईरा विचारायची. मार्थाचा पदर मी माझ्या हाताने पट्टीच्या आत ठेवला, निळं फूल वर करून, आणि शिवला. शिवताना मनात जपमाळेची प्रार्थना आपोआप सुरू झाली. कितीतरी महिन्यांनी ती कोरडी नव्हती.

जूनमध्ये ख्रिस्तप्रसादाची मिरवणूक निघाली; त्या प्रसादात प्रभू स्वतः असतो असं आम्ही मानतो. पहिला ख्रिस्तप्रसाद घेतलेल्या मुली पांढऱ्या फ्रॉकमध्ये पुढे चालतात आणि फुलांच्या पाकळ्या टाकतात. रांग लागत असताना आमच्या शेजारच्या फिलोबाई सरिताला म्हणाल्या, "काहून वं, यावेळी तरी शिलाई पक्की केली ना? का पुन्हा त्याच बाईच्या हातची?" आजूबाजूच्या बायका हसल्या.

"शिलाई माझी आहे, फिलोबाई," मी मोठ्याने म्हणालो. "आणि मागच्या वेळी उसवलीही मीच होती. ब्लेडनं. त्या पोरीनं माझं पाप आपल्या अंगावर घेतलं."

फिलोबाईंनी खाली वाकून घेर पाहिला. "तुम्ही शिवली ते तर दिसूनच राहिलं जी," त्या हळूच म्हणाल्या, "टाके केवढाले आहेत." आणि मग, आणखी हळू, "मले माहीत नव्हतं."

मिरवणूक आमच्या गल्लीत वळली. मृणालच्या घरासमोर रस्त्यावर पाणी शिंपडलेलं होतं, धूळ उडू नये म्हणून. ती फाटकाशी ईरासोबत उभी होती. चपला बाजूला काढलेल्या. तिने हात जोडले नाहीत, गुडघे टेकले नाहीत. जे ती मानत नाही त्याचं तिने नाटक केलं नाही. तिच्या वाटेने मी जाणार नाही, माझ्या वाटेने ती येत नाही, आणि मी रोज रात्री तिचं नाव देवापुढे घेतो, जसं घरच्यांचं घेतो.

पाकळ्या प्रभूच्या वाटेवर टाकायच्या असतात, इकडेतिकडे नाही, हे मीच रेनीकडून घोकून घेतलं होतं. फाटकाजवळ आल्यावर तिने एक मूठ भरली आणि सरळ ईराच्या अंगावर उधळली. काही पाकळ्या मृणालच्या पायांवर पडल्या. सवयीने माझं तोंड उघडलं. मग मी ते मिटलं. आमच्या मागून ख्रिस्तप्रसाद घेऊन फादर येत होते, आणि प्रभू त्या पाकळ्यांवरूनही तसाच शांतपणे पुढे गेला. रेनी चालत राहिली. माझे ओबडधोबड टाके टिकले.

प्रभू, तुझ्या वाटेची राखण मी करत होतो असं मला वाटायचं. आता ते काम तुझ्याकडे दिलं आहे. माझ्याकडे एक सुई आहे, तेवढी पुरे.