बंदराची नीज

नव्या बंदराचा नकाशा टेबलावर पसरला, की ताई आधी त्यावर तळहात ठेवायच्या आणि विचारायच्या, "हे निजतं कधी?"

बंदरं आखून देणाऱ्या आमच्या वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसात हा चेष्टेचाच विषय होता. रात्रंदिवस जहाजं हलवणाऱ्या सिंगापुरात बसून बंदराच्या झोपेची काळजी करायची म्हणजे हलवायाच्या दुकानात उपासाची चौकशी करण्यासारखं. पण ताई दापोलीकडच्या कोळीवाड्यातल्या. पावसाळ्यात त्यांच्या गावचं बंदर बंद व्हायचं, वडील घरी बसून जाळी विणायचे आणि त्या महिन्यांना कोणी तोटा म्हणत नसे. इंजिनियर होऊन त्या इथवर आल्या, पण हे काही विसरल्या नाहीत.

तेव्हा उत्तर ध्रुवाकडचा बर्फ कमी होऊ लागला होता आणि सिंगापूर टाळून त्या बाजूने जहाजं नेण्याची बोलणी चालली होती. तिकडच्या एका लहानशा गावाजवळ एका कंपनीला बंदर हवं होतं. काम आमच्याकडे आलं. "तो रस्ता उघडला की आपलं दुकान बंद, लाह," असं शेजारचा चिनी सहकारी इथल्या लकबीत म्हणायचा आणि निवांत कॉफी प्यायचा.

ताईंनी मात्र ते काम जिवाला लावून घेतलं. त्या गावची माणसं वसंतात गोठलेल्या खाडीवरून चालत मासे धरायला जात. जहाजांनी बर्फ फोडला तर त्यांची वाटच तुटणार होती. तेवढे महिने बंदर बंद ठेवा, हे ताईंनी बैठकीत इंग्रजीत सांगितलं, पण मनातलं मराठी तसंच बाहेर पडलं, की बंदराला झोपायला द्या. पुढच्या वेळी कंपनीकडून सुधारलेला नकाशा आला. त्यात धक्क्याजवळ खलाशांसाठी झोपायच्या खोल्या काढल्या होत्या, पडद्यांसकट. ताई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. निदान पडदे तरी दिले, म्हणाल्या.

मग नीट समजावून झालं आणि गिऱ्हाईक बिथरलं. त्यांना बंदर बारमाहीच हवं होतं. साहेबांनी तोडगा काढला: बंद महिन्यांची सूचना शेवटी परिशिष्टात टाकू आणि 'शाश्वत विकास' हे शब्द मुखपृष्ठावर घेऊ. आराखड्यावर सही ताईंची लागणार होती. त्यांनी ती दिली नाही. त्यांचं कंत्राट संपत आलं होतं. नोकरी गेली की एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथं राहायचा परवाना, जाणार आणि पासाबरोबर सिंगापूरही. मी मरीन परेडला त्यांच्या फ्लॅटवर जाऊन विनवलं.

"ताई, सही करून टाका. तुमच्या सहीवाचून ते बंदर थांबणार आहे का?"

"नाही थांबणार," त्या म्हणाल्या. "पण ती माणसं कधीतरी विचारतील, हे कोणी आखलं. तिथं माझं नाव नको."

आराखडा दुसऱ्याच्या सहीने गेला. ताईंचं कंत्राट वाढलं नाही. मला त्यांचा राग आला होता आणि अभिमानही वाटत होता. असं कोणी तुमच्याही ऑफिसात असेल, तर तुम्हाला हे वेगळं सांगायला नको.

चांगी विमानतळावर पोचवायला मी गेलो होतो. आता गावी जाऊन काय करणार, असं विचारलं.

"आमच्याकडेही बारमाही धक्का बांधायचं चाललंय," त्या म्हणाल्या. "तिथं जाऊन भांडते. तिथं राहायला पास लागत नाही."

आणि ट्रॉली ढकलत त्या आत गेल्या.