रिकामे

निखाऱ्यांवर पाणी पडलं की जो ओला, करपट वास उठतो, तो आला की मला मारेगावची लॉन्ड्री आठवते. मी तिथे कपड्यांच्या घड्या घालायचो आणि सगळे जिला मावशी म्हणत ती बाई कोळशाची इस्त्री फिरवायची. संध्याकाळी ती निखारे राखेत झाकून ठेवी आणि सकाळी त्यांच्यावरच नवा कोळसा पेटवी. एके दिवशी मालकानं वाफेच्या इस्त्रीचं मशीन आणलं आणि दिवसभराची गाठोडी जेवणाआधीच संपली. मी खूश होऊन म्हणालो, “मावशी, आज तं आपण लवकरच रिकामे झालो.” मालक हसला. मावशी हसली नाही. “हो रे बाबू, रिकामेच झालो आपण,” असं म्हणत तिनं भरदुपारी निखाऱ्यांवर तांब्याभर पाणी ओतलं. “काहून विझवून राह्यली? उद्या इस्त्री कशी तापवशील?” मी विचारलं. तिच्या मागे मशीन फुसफुसत होतं. आता मी यवतमाळात विम्याच्या ऑफिसात अर्ज तपासतो. काल आमच्याकडे अर्ज तपासणारं नवं सॉफ्टवेअर आलं आणि जेवणाच्या सुट्टीआधीच साहेबांनी हसत विचारलं, “काय, झाले का रिकामे?”