पुरातली रुखसत

आम्ही चार निवृत्त कारकून एकत्र बसलो की पहिल्या चहाला गुडघ्यांची चौकशी होते आणि दुसऱ्या चहापासून वामनराव सुरू होतात. वामनराव आमचे पेशकार, म्हणजे हेडक्लार्क. गोदाकाठच्या आमच्या तालुका कचेरीत रुखसत, म्हणजे रजा, त्यांच्या टेबलावरून मंजूर व्हायची. तशी ती फारशी व्हायचीच नाही. तीस वर्षांत त्यांचे एवढे किस्से साठले, की त्यांना वेगळं कपाट लागलं असतं.

*

निजामी नुकतीच गेली होती. त्या पावसाळ्यात गोदावरी चढली आणि लिंबाजी सोनपेठकडच्या आपल्या गावात अडकला. हा माझ्या शेजारच्या टेबलावरचा कारकून. म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन तो देवळाच्या गच्चीवर चढला. चार दिवस दोघांनी भिजलेली ज्वारी चावून काढले.

पाणी ओसरल्यावर आईला बहिणीकडे सोडून तो थेट कचेरीत आला. घर उरलंच नव्हतं. वामनरावांनी त्याला बसवलं, प्यायला पाणी दिलं आणि शांतपणे विचारलं, "रजेची दरखास्त आगाऊ का दिली नाही?"

लिंबाजी म्हणाला, "सायेब, पानी इत्तला न देताच आलं."

वामनरावांनी शेरा मारला: 'पूर्वसूचना नाही. यापुढे दक्षता घ्यावी.' ती लिंबाजीनं घ्यायची की गोदावरीनं, हे काही लिहिलं नव्हतं.

*

मग पटकीची साथ आली. आमचा चपराशी मेहबूब झरी गावचा. बायकोला उलट्या सुरू झाल्याचा निरोप आला तसा तो निघाला. आठ दिवस तो तिच्या उशाशी बसून होता. नशीब चांगलं, बायको वाचली.

तो परत आल्यावर वामनरावांनी डॉक्टरचा दाखला मागितला. बिचारा सात मैल चालत गेला आणि घेऊन आला. पण दाखला बायकोचा, आणि नियमात आजारी मुलाजिमाचा, म्हणजे नोकराचा, दाखला हवा. मेहबूब तर ठणठणीत. वामनरावांनी त्याला समजावून सांगितलं, की या रजेसाठी आजारी तू पाहिजेस.

मेहबूब अदबीनं म्हणाला, "कोशिश करतूं, साब."

*

पुढं आम्ही मुंबई राज्यात गेलो. पेशकारांचे अव्वल कारकून झाले, उर्दू जाऊन मराठी आली. स्वभाव मात्र राज्याबरोबर बदलत नाही.

त्या वर्षी झडीत माझ्या घराची भिंत पडली. पोरंबाळं शेजाऱ्याच्या ओसरीत. मी घाईघाईत, सवयीनं, उर्दूत अर्ज लिहिला. तो 'मराठीत द्यावा' म्हणून परत आला. मी मराठीत लिहून नेईपर्यंत दुसरी भिंत पडली. तेही मी प्रामाणिकपणे तोंडी सांगितलं.

वामनरावांनी अर्ज माझ्याकडं सरकवला. "मग नवा लिहा. यात एकच भिंत आहे."

*

आणि मग तो पूर आला, ज्यात पाणी कचेरीतच शिरलं. शनिवारची दुपार होती. आम्ही सगळे पळालो. वामनराव तेवढे मागं राहिले. एकट्या माणसानं सगळी जमिनीची दप्तरं डोक्यावरून माळ्यावर चढवली आणि तिथंच त्यांच्याजवळ बसून राहिले. सोमवारी सकाळी लिंबाजीनं नाव आणून त्यांना उतरवलं तेव्हा त्यांना धड उभंही राहता येत नव्हतं. दप्तराचा एकही कागद भिजला नव्हता. म्हातारा आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा आपला वाटला.

पंधरा दिवसांनी वरून लखोटा आला. शाबासकी असेल म्हणून आम्ही सगळे टेबलाभोवती जमलो. आत मेमो होता: रविवारी, कचेरी बंद असताना, आपण कोणाच्या परवानगीनं आत थांबलात, याचा लेखी खुलासा करावा.

वामनरावांनी तो दोनदा वाचला. चष्मा पुसला. दौतीत टाक बुडवून खाली एकच शब्द लिहिला, सही केली आणि जावक नंबर घालायला कागद माझ्याकडं दिला.

लिहिलं होतं, 'गोदावरीच्या.'