चौकटीत टांगलेली तारीख

पिरंगुटच्या रईसला काही उघडं ठेवायचं म्हटलं की घाम फुटायचा. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक, स्कूटरच्या सीटला प्लास्टिक, लग्नातल्या सोफ्याचं प्लास्टिक तर सात वर्षं झाली तरी निघालं नव्हतं. पाहुणा बसला की सोफाच आधी बोलायचा. बायको आसमा म्हणायची, "माज्यावर बी एखादं चढवा, म्हंजी धूळ बसायची न्हाई."

असा हा माणूस कॉम्प्युटरचं काम करी. बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या एका कारखान्याचं फाटक त्याच्या प्रोग्रामवर उघडायचं. बाईनं कार्ड टेकवलं की प्रोग्राम यादीला विचारी, हिची आज कामाची पाळी आहे का? आहे म्हटलं की फाटक उघडे. आसमाही तिथंच पॅकिंगला होती.

गेल्या महिन्यात रईसनं यादीतल्या एका रकान्याला 'ग्रुप' नाव दिलं. तो शब्द यादी सांभाळणाऱ्या डेटाबेसचा घरचा, कामाच्या हुकुमाचा. हुकूमच आला समजून ते यंत्र अडून बसलं. मालक इंद्रजितशेठनी चारचौघांत झापलं, "पुन्हा असं झालं तर काम हिंजवडीच्या कॉम्प्युटरवाल्यांना देईन." नावाला अवतरणचिन्हं लावली की ते नुसतं नाव राहतं, हे रईसला तेव्हा कळलं. पण कळलं ते अर्धंच. त्यानं प्रोग्रामला शिकवून टाकलं, दिसेल त्या शब्दाला अवतरणचिन्हं लाव. रविवारी ते कारखान्यात बसवलं आणि चालवून न बघताच घरी गेला. सगळं झाकलंय म्हटल्यावर बघायचं काय?

सोमवारी सकाळी सातला फाटकावर चाळीस बाया उभ्या. जी कार्ड टेकवी तिला यंत्र सांगे, आज पाळी नाही. साडेसातपर्यंत आत गेलं नाही की अर्धा दिवस बुडाला, असा तिथला नियम. आसमानं फोन लावला, "लवकर या. तुमच्या मशीननं आख्ख्या कारखान्याला सुट्टी दिलीया."

रईस आला, वॉचमन भिवाजीच्या स्टुलावर लॅपटॉप उघडून बसला. आधी वायर हलवली. मग कार्डं पुसली.

"कार्डं कशाला पुसतोस?" भिवाजी म्हणाला. "साबण आणू का?"

आसमा खांद्यावरून बघत होती. "त्याला आज कंची तारीख वाटतीया?"

"ते स्वतःच काढतं. त्याचा शब्द हाय एक, त्यो म्हटला की तारीख हजर."

"मग काढलीया का? दावा की."

रईस दाखवायला गेला, तर तारखेच्या जागी तो शब्दच बसलेला, दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हं लावून. प्रत्येक बाईच्या पाळीची तारीख यंत्र त्या अक्षरांशी ताडून बघत होतं. जुळणार कुठून?

"म्हंजी तारीख सांगणाऱ्याला तुमी चौकटीत घालून भिंतीला टांगलाय," आसमा म्हणाली. "फोटू काय बोलणार? हार तेवढा घालायचा राह्यलाय."

बाया खो खो हसल्या. भिवाजीनं घड्याळ बघितलं, "सात बावीस."

रईसनं रकान्यांच्या नावांची अवतरणचिन्हं ठेवली, कामाच्या शब्दांची काढली. एकेक काढताना असा कळवळत होता, जणू ताम्हिणी घाटातल्या पावसात लेकराला उघड्या डोक्यानं सोडतोय. साडेसाताला तीन मिनिटं कमी असताना फाटक उघडलं. शेवटची बाई आत गेली तेवढ्यात इंद्रजितशेठांची गाडी येऊन थांबली.

"कुणाचं चुकलं?"

रईसनं सवयीनं वायरीकडे बघितलं. चाळीस बाया फाटकाच्या आत थांबून ऐकत होत्या, त्यात घरची एक.

"माजंच, शेठ. कामाचे शब्द बी मीच झाकले. चालवून बघितलं न्हाई."

शेठनी उघड्या फाटकाकडं बघितलं. "काम राहू दे तुझ्याकडं. पण आठवडाभर सातला हितं उभं राहायचं."

मंगळवारपासून रईस फाटकापाशी उभा. यंत्र आता बिनतक्रार चालत होतं, पण कार्ड टेकवण्याआधी प्रत्येक बाई थांबून मोठ्या अदबीनं विचारी, "भाईजान, आज कंची तारीख?"

आणि त्याला सांगावी लागे, चाळीस वेळा. सगळ्यांत शेवटी आसमा यायची. ती तर वारसुद्धा विचारायची.