सातवे प्रकरण मोठ्याने वाचू नये

मी एकतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. नारळातून धूर काढणे, पाणी ओतून यज्ञ पेटवणे असले बुवांचे प्रयोग मी वर्गात स्वतः करून दाखवत असे आणि मग त्यामागचे रसायन फळ्यावर लिहीत असे. या सदरातले गूढ अनुभव मी आजवर करमणूक म्हणूनच वाचले, हे आधी कबूल करते. माझ्याकडे असा एखादा अनुभव मागितला असता तर मी हसले असते. पुढे जे लिहिले आहे ते सगळे दिवसाउजेडी घडले. मला रक्तदाब नाही, चष्म्याचा नंबर योग्य आहे आणि मी कोणतेही औषध घेत नाही. या गोष्टी वाचक विचारतीलच, म्हणून लिहून ठेवते.

वरवे बुद्रुकला माझे घर आहे. निवृत्तीनंतर मी शाळेचा इतिहास लिहिला. तो वाचून महाराजांनी निरोप पाठवला की त्यांचे चरित्र मी लिहावे. महाराज माझेच विद्यार्थी, सातवीला माझ्या वर्गात होते. पुढे वेल्ह्याच्या डोंगरात, पासली गावाच्याही वरच्या अंगाला त्यांनी मठ काढला. कीर्तने झाली, व्यसनमुक्तीच्या फेऱ्या झाल्या, मग निवडणुका आल्या. त्यांचे आणि मठाचे नाव मी मुद्दाम देत नाही.

"बाई, मला भाट नको, मास्तरीण पाहिजे," ते म्हणाले. "लाल शाई घेऊन या."

"चुका दाखवल्या तर चालेल?"

"तुमच्या हातच्या छड्या खाल्ल्यात की मी. आता काय भ्यायचं!"

माझी एकच अट होती. ज्याने जी हकिकत सांगितली, ती लिहून झाल्यावर त्याला मोठ्याने वाचून दाखवायची आणि मगच खाली सही घ्यायची. महाराजांनी ती आनंदाने मान्य केली.

सातवे प्रकरण हा चरित्राचा कणा होता. वीस-एक वर्षांपूर्वी मठाला तारेचे कुंपण पडले आणि भिकोबा नावाच्या धनगराची, जनावरे पाण्यावर न्यायची वाट बंद झाली. तो रोज तार उचकटायचा, मठाची माणसे ती रोज पुन्हा ताणायची. एके सकाळी भिकोबा कड्याखाली मरून पडलेला सापडला. महाराज अनवाणी खाली उतरले आणि त्याचे प्रेत एकट्याने खांद्यावर घेऊन गाडीरस्त्यापर्यंत चालत आले. आपल्याशी भांडणाऱ्या माणसालाही खांदा देणारा साधू म्हणून त्यांचे नाव वेल्हे आणि भोर या दोन्ही तालुक्यांत झाले ते त्या दिवसापासून. पहिली निवडणूक त्याच वर्षी झाली.

हा प्रसंग पाहणारे तिघे होते: महाराज आणि त्या वेळचे त्यांचे दोन सेवेकरी, शंकरतात्या आणि निवृत्ती. तिघांनीही मला सांगितले, "भिकोबा दारूच्या नशेत होता. तोल जाऊन कड्यावरून खाली गेला." भिकोबाची बायको धोंडाबाई मात्र एवढेच म्हणाली, "ह्यांनी दारूचा वास बी घेतला न्हाई कदी. येवढं तरी खरं लिवा, बाई. पोराबाळांना लोक दारुड्याची पोरं म्हंत्यात." मी ते वहीच्या समासात टिपले, मजकुरात तिघांचे घेतले. तीन साक्षी एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. तीन उत्तरपत्रिकांत शब्दाला शब्द जुळणारे उत्तर आले तर शिक्षकाला काय वाटायला हवे, हे मी एकतीस वर्षे जाणून होते. त्या दिवशी मात्र ते माझ्या डोक्यात आले नाही. ही चूक माझी.

पहिले वाचन वेल्ह्यात, शंकरतात्यांच्या किराणा दुकानात झाले. सकाळचे अकरा वाजले असतील. मी खुर्चीवर होते, तात्या माझ्यासमोर तांदळाच्या पोत्याला टेकून जमिनीवर बसले होते. वय सत्तरीचे, स्वभाव मिश्कील.

"वाचा, वाचा. आमचं नाव जाड अक्षरात छापणार का न्हाई?"

मी वाचत गेले. "भिकोबा दारूच्या नशेत होता," हे वाक्य पुरे झाले आणि तात्यांनी माझे दोन्ही घोटे पकडले... कसे पकडले ते सांगते. तडफडणाऱ्या माणसाचे पाय दाबून धरावेत तसे. अंगाचा सगळा भार मनगटांवर टाकून त्यांनी माझे पाय फरशीवर दाबले. हाड मोडते की काय असे वाटून मी किंचाळले. आणि तात्यांचा चेहरा? तो शांत होता. ते मान डोलावत होते.

"बरोबर हाय, बाई. फुडं वाचा," ते म्हणाले. हात तसेच.

आतून त्यांची बायको धावत आली. तिने त्यांच्या पाठीत बुक्क्या मारल्या, केस ओढले. त्यांना पत्ता नव्हता. कागद माझ्या हातून गळून पडले. वाचन थांबल्यावर काही क्षणांनी हात सुटले. तात्यांनी माझ्या पायांकडे पाहिले आणि खऱ्या काळजीने विचारले, "काय झालं? पाय मुरगाळला व्हय? अगं, तेल आण की, बघत काय उभी ऱ्हायलीस!"

मी घरी येऊन घोट्यांवरचे वळ मोजपट्टीने मोजले आणि वहीत नोंदवले. आकडीचा प्रकार असावा, असे कारणही लिहिले. तेव्हा ते मला पटले होते.

दुसरे वाचन चार दिवसांनी, गुंजवणे गावात. भाताची झोडणी चालू होती. निवृत्ती आणि त्यांची सून खळ्यावर होते. कडेला पेंढ्यावर त्यांचे कुत्रे, काळ्या, झोपले होते. निवृत्ती आपल्या भाकरीचा पहिला तुकडा त्याला घालून मग स्वतः जेवत.

"पोरापरीस ह्येच माज्याजवळ बसतंय, बाई," ते म्हणाले.

"पोरगं कामाला गेलंय म्हणून," सून हसत म्हणाली. "मामंजींना काळ्यानं भाकरी थापून दिली असती, तर मला बी माहेरी धाडली असती."

मी दूर, बांधावर बसून वाचले. एवढी सावधगिरी बाळगली होती. तेच वाक्य आले. निवृत्तींनी चहाची कपबशी नीट बाजूला ठेवली, भात झोडायचा दांडका उचलला आणि काळ्याच्या पाठीत घातला. कुत्रे ओरडलेसुद्धा नाही नीट. दुसरा घाव, तिसरा... मला मोजायची सवय आहे आणि त्या सवयीचा मला त्या दिवशी तिटकारा आला. अकरा. आधीचे आठ पाठीवर आणि फासळ्यांवर. शेवटचे तीन डोक्यावर. मी चौथ्याच घावाला वाचन थांबवले होते, तरी हात थांबले नाहीत. सून मध्ये पडली तर दांडक्याचे टोक तिच्या खांद्याला लागले. आणि हे चालू असताना निवृत्ती माझ्याकडे बघून अगदी सहज बोलत होते, "व्हय, व्हय. लई प्यायचा त्यो. तोल गेला त्येचा."

अकरावा घाव झाला. दांडका खाली पडला. त्यांनी समोर पाहिले.

"काळ्या! आरं काळ्या... कुणी मारलं माज्या काळ्याला?" ते गुडघ्यांवर बसले आणि रक्तात माखलेले ते डोके मांडीवर घेऊन लहान मुलासारखे रडू लागले. "सांग की गं, कोन आलं हुतं हितं?"

सुनेने दुखरा खांदा धरून दांडका पायाने दूर सारला. मला म्हणाली, "बाई, तुमी जावा. तो कागद घिऊन जावा हितनं."

एकाने पाय धरले. एकाने मारले. एवढे जुळवायला मला कुणाची मदत लागली नाही. शहाणपणाचे म्हणजे मी तिथेच थांबायला हवे होते. पण तिसरी सही राहिली होती. खरे सांगायचे तर सहीचे निमित्त होते; माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलाने त्या दिवशी काय केले, ते मला पाहायचे होते.

महाराजांचे कार्यालय भोरला आहे, दुसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत कार्यकर्त्यांचा गलका होता, मधले दार बंद. आत आम्ही दोघेच. त्यांच्या मागे गच्चीचा दरवाजा उघडा होता, त्यापलीकडे कमरेएवढा कठडा आणि खाली रस्ता. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, दाराशी बसले. आणि वाचले.

महाराज उठले. टेबलाला वळसा घालून आले, वाकले, माझ्या काखेखाली हात घातले आणि एका झटक्यात मला खांद्यावर टाकले. अडुसष्ट वर्षांची बाई मी... माझे डोके त्यांच्या पाठीवर लोंबत होते. चष्मा पडला. मी मुठींनी मारले, मानेला नखे लावली, कातडी निघाली ती माझ्या नखांत आली. ते गच्चीकडे चालू लागले. अंगातून चंदनाचा वास येत होता.

"छान उतरलंय, बाई," ते म्हणाले. आवाज कीर्तनातल्यासारखा गोड. "अगदी जसं घडलं तसं."

तेव्हा मला कळले. खांद्यावर नेले हे खरेच होते. पण गाडीरस्त्याकडे नेण्याआधी एकदा कड्याकडे नेले होते. आणि तेव्हा भिकोबा जिवंत होता.

त्यांनी मला खांद्यावरून उतरवून कठड्यावर पालथे टाकले. खाली एका टेम्पोचे हिरव्या ताडपत्रीचे छत दिसले. मी ओरडले, पण वाचवा असे नाही. का ते माहीत नाही, मी म्हणाले, "भिकोबा दारू पीत नव्हता! तो पडला नाही, तुम्ही टाकलंत त्याला!"

हात थांबले. त्यांनी मला सावकाश खाली ठेवले, खुर्ची ओढून बसवले, पेल्यात पाणी ओतून दिले.

"चक्कर आली तुम्हाला, बाई. कठड्याशी कशाला गेलात?" मानेवरचे रक्त त्यांनी उपरण्याने पुसले, त्याकडे पाहिले आणि उपरण्याची घडी घातली. "दमलात तुम्ही. पुढचं दुसरं कोणी तरुण लिहील. कागद इथंच ठेवा."

मी काय ओरडले, ते त्यांनी विचारले नाही. एकदाही नाही.

मी धोंडाबाईकडे गेले. सगळे सांगितले, पुरावा म्हणता येईल असे काही माझ्याजवळ नाही, हेही सांगितले. तिने हातातले काम खाली ठेवले. मग म्हणाली, "पाय दावा." मी साडी घोट्यापर्यंत वर घेतली. वळ पिवळे पडले होते, पण दिसत होते: बाहेरच्या अंगाला चार बोटे, आतल्या अंगाला अंगठा. तिने आपली बोटे त्यांवर ठेवून पाहिली.

"ह्यांना शेवटची आंघूळ घालताना म्या बगितलं हुतं. अश्शीच. दीर म्हनला, दगडावर घासून आलं. म्या म्हनलं, दगडाला बोटं असत्यात का? तर मलाच येडी ठरीवली."

आता हे लिहिण्याचे कारण. दुसऱ्या लेखकाने पुस्तक पूर्ण केले आहे. सातवे प्रकरण माझ्याच शब्दांत, जसेच्या तसे आहे. प्रकाशन भोरला मैदानात आहे आणि त्या कार्यक्रमात हेच प्रकरण ध्वनिक्षेपकावरून वाचले जाणार आहे. महाराज व्यासपीठावर असतील. शंकरतात्या आणि निवृत्ती यांचा सत्कार आहे, म्हणजे तेही असतील. मी त्या लेखकाला भेटले. त्याने नम्रपणे ऐकून घेतले आणि मला रिक्षापर्यंत सोडले. मग मी धोंडाबाईला म्हटले की आपण दोघी जाऊन वाचन थांबवू.

"का थांबवायचं?" ती म्हणाली. "वाचू द्या की, बाई. समद्यांम्होरं वाचू द्या."



जे घडले त्याचे स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. मी शोधले, आकडी, संमोहन, माझाच भ्रम, एकेक शक्यता तपासली. कुत्रे मेले आहे, सुनेला हात अजून वर उचलता येत नाही, या दोन गोष्टींपुढे एकही शक्यता टिकत नाही. मी कार्यक्रम थांबवणार नाही, असे मी ठरवले आहे. ते बरोबर की चूक, मला ठाऊक नाही. पण आसपासच्या शाळांना मुले पाठवण्याची पत्रे गेली आहेत आणि अशा समारंभात मुलांना व्यासपीठासमोर, जमिनीवर, पहिल्या रांगांत बसवतात. माझ्या शिक्षक बंधू-भगिनींना एवढीच विनंती: मुलांना नेऊ नका. न्यावेच लागले तर मागे बसवा, फाटकाजवळ, आणि बाहेर पडायची वाट त्यांना आधी दाखवून ठेवा.