अर्धा खाल्लेला फुणका

काकांनी तोंडातला घास थुंकला नाही. तेवढं मी मान्य करतो. घास त्यांनी गिळला. हातात उरलेला अर्धा फुणका मात्र प्लेटमध्ये ठेवला, त्यावर कागदी रुमाल पांघरला आणि प्लेट खुर्चीखाली सरकवली. पायाने.

सगळं अगदी हळू. कुणाला दिसू नये म्हणून. मला दिसलं.

मग त्यांनी बोटं पुसली. एकेक करून.

अकोल्यातल्या एका समुपदेशन केंद्रात रविवारी सकाळी हे घडलं. गोलात मांडलेल्या खुर्च्या. त्यांवर बसलेले आम्ही सगळे, घरातलं माणूस गेलेले. मॅडमनी सांगितलं होतं, गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते घरून करून आणा, आपण वाटून खाऊ. मी फुणके नेले होते. तुरीची डाळ भिजवून, भरड वाटून, मुठीत वळून वाफवलेले. माझी बायको सुनंदा करायची. कढीसोबत खायची, आणि कढी नसली तर नुसतं कच्चं तेल घालून.

फुणक्यावर करणाऱ्याच्या बोटांचे ठसे राहतात. मूठ दाबली की चार खाचा पडतात. वाफवल्यावर त्या पक्क्या होतात. काकांच्या प्लेटमधल्या त्या अर्ध्या फुणक्यावर माझी दोन बोटं होती.

तिथवर मी कसा पोचलो ते सांगायला हवं.

सुनंदा गेली तेव्हापासून मला बसता येत नव्हतं. अमरावतीच्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. दिवसभर कपाटांमधून उभा राहायचो. लावलेली पुस्तकं काढून पुन्हा लावायचो. संध्याकाळी राजापेठेत चालायचो. शिकवण्या सुटायच्या, पोरापोरींच्या गाड्या अंगावर यायच्या, कुणीतरी ओरडायचं, "ओ काका, साइडनं!" मी साइडने चालायचो. घरी आलो की या खोलीतून त्या खोलीत. जेवण उभ्यानेच.

आणि वाचता येत नव्हतं. हे सांगायला मला लाज वाटायची. आयुष्यभर दुसरं काही केलं नाही आणि आता एक पान पुरं होईना.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. म्हणाले, वेळ जाऊ द्या. गोळ्यांनी झोप आली. बसणं आलं नाही.

आमच्याच ग्रंथालयात एक इंग्रजी पुस्तक होतं, कुणी कधी घरी न नेलेलं. स्वीकार आणि बांधिलकीच्या उपचारपद्धतीवरचं. मी ते उभ्याउभ्या, परिच्छेद-परिच्छेद करत वाचलं. दुःखाशी कुस्ती खेळू नका, असं त्यात होतं. ते जाणार नाही. त्याला सोबत घ्या आणि तुम्हाला जे मोलाचं वाटतं त्या दिशेने पाय उचला. मनात येणाऱ्या विचाराकडे विचार म्हणून पाहा. वाचता वाचता मला वाटलं, हे तर मी ऐकलं आहे. लहानपणी वलगावच्या विहारात, चटईवर बसून. दुःख आहे, इथूनच तर आमची सुरुवात होते.

मग शोध सुरू झाला. अमरावतीत फोन लावत सुटलो. एका दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं, "थेरपी म्हंजे शेक द्याची का? कंबर हाय का गुडघा?"

मी म्हणालो, "मन."

"मंग नाही बा आमच्याइकडे. समोरच्या गल्लीत फिजिओवाले हायेत, त्याइले इचारा."

सुनंदा असती तर हसून लोळली असती. मला म्हणाली असती, "गुडघाच सांगाचा ना! कोणी हात तरी लावला असता."

शेवटी कळलं, अकोल्याला एक मॅडम आहेत. पुण्यात शिकलेल्या. हीच पद्धत करतात. मी बसने जाऊ लागलो. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला. बसमध्येही दाराशी उभा असायचो. कंडक्टर म्हणायचा, "सीट खाली हाय ना भाऊ, बसत काऊन नाही?" काय सांगणार.

मॅडमची खोली सुंदर होती. एका कोपऱ्यात बुद्धाची दगडी मूर्ती, तिच्या पायाशी नळीतून वाहणारं पाणी. ते पाहून मला बरं वाटलं. मूर्ख होतो. ती शोभेची होती.

दोनदा एकट्याने भेटल्यावर मॅडमनी मला रविवारच्या गटात घातलं. तिथे काका भेटले. बँकेतून निवृत्त. तरणा मुलगा गेलेला. पहिल्याच रविवारी त्यांनी मला गाव विचारलं.

"वलगाव," मी म्हणालो.

"आडनाव?"

मी सांगितलं.

"मंग तं आपलेच!" काकांचा चेहरा उजळला. "वलगावात सोयरे हायेत आमचे."

आमच्या वऱ्हाडात एकच आडनाव दोन-तीन जातींत सापडतं. म्हणून ज्याला खात्री हवी असते तो आणखी एक प्रश्न विचारतो, घर गावात कोणत्या बाजूला. काकांनी तो विचारला नाही. माझं बोलणं, चष्मा, ग्रंथपाल हा शब्द, एवढं त्यांना पुरलं. मी दुरुस्ती केली नाही. घरात मरण झालेला माणूस असल्या दुरुस्त्या करत बसत नाही.

त्या दिवशी मुलाबद्दल बोलताना काका कोसळले. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. माझ्या बाटलीतलं पाणी प्यायले. मी त्यांचा हात धरून बसलो होतो. बसलो होतो! घरी येताना ध्यानात आलं, किती तरी दिवसांनी मी एका जागी एवढा वेळ होतो.

म्हणून तर मी फुणके करायला घेतले. शोभा माझी मेव्हणी, बार्शीटाकळीला असते. तिला फोन लावला.

"भाऊजी, डाळ बारीक नका वाटू. भरड ठेवा. अन् मूठ घट्ट दाबा, नाही तं फुटते."

"किती घट्ट?"

"आता मुठीचं काय मोजमाप सांगू? ताईचा हात धरत होते ना, तसा."

मी स्वयंपाकघरात शिरलो. ती गेल्यापासून चहापलीकडे तिथे काही केलं नव्हतं. पहिले फुणके फुटले. नंतरचे जमले.

रविवारी डबा फिरला. काकांनी पहिला उचलला, खाल्ला, डोळे मिटले. "वा! याले म्हन्ते फुणका. मायासाठी अजून एक ठेवजा बरं." दुसराही उचलला. अर्धा खाल्ला. तेवढ्यात माझी बोलायची पाळी आली.

मी सुनंदाचं सांगू लागलो. आजारपण थोडक्यात. मध्येच काकांनी आपुलकीने विचारलं, "तेरवी कुठं केली? गावाले का इथंच?"

"तेरवी नाही करत आम्ही," मी म्हणालो. "पुण्यानुमोदन केलं. वलगावच्या विहारात."

एवढंच.

नळीतलं पाणी वाहत होतं. एका बाईंनी आपली प्लेट मांडीवरून उचलून शेजारी ठेवली. हातात डबा होता त्या माणसाने तो पुढे न देता झाकण लावलं. आणि काकांनी ते रुमालाचं केलं.

माझा आवाज थांबला. अंग पुन्हा चुळबुळू लागलं. पाय उठू बघत होते. पळ, चाल, राजापेठ, कुठेही.

मॅडमनी पाहिलं होतं. सगळं पाहिलं होतं. त्यांचा आवाज तसाच मऊ.

"आत्ता तुमच्या मनात काहीतरी उसळतंय. त्याच्याशी भांडू नका. त्याला फक्त नाव द्या. म्हणा, मला असा विचार येतोय की..."

"की काय?"

"उदाहरणार्थ, मला असा विचार येतोय, की यांनी माझं अन्न टाकलं."

मी उठलो. पण दाराकडे गेलो नाही. काकांच्या खुर्चीपाशी वाकलो, खालून प्लेट ओढली, रुमाल काढला. मधल्या टीपॉयवर मेणबत्ती होती, तिच्या शेजारी प्लेट ठेवली.

"हा विचार नाही, मॅडम," मी म्हणालो. "हा फुणका आहे."

काका गोरेमोरे झाले. "अरे बा, पोट भरलं होतं माहं. घरून नाश्ता करून निंगालो सकाळी."

"मघाशी तर दुसरा मागून घेतलात."

"तसं काही नाही हो. आमी नाही मानत असलं काही. माया मुलाचे कितीतरी दोस्त तुमच्यातले होते."

तुमच्यातले. मागच्या रविवारी आपलेच.

मॅडम म्हणाल्या, "आपण थांबूया का इथे? सगळ्यांनाच जड होतंय."

"माझी पाळी संपली नाही," मी म्हणालो.

खुर्चीत बसलो. आणि जे सांगायला आलो होतो ते सांगितलं. सुनंदाला सकाळी पेपर मोठ्याने वाचून दाखवायचो, लग्नापासूनची सवय. दवाखान्यातही वाचायचो. शेवटच्या दिवशी ती म्हणाली, "वाचत राहा, मी ऐकून राहिली." मी वाचत होतो. गावातल्या पाण्याच्या टाकीची बातमी होती. पान उलटलं, पुढचा मजकूर वाचला, मग वर पाहिलं. ती कधी गेली मला माहीत नाही. कोणत्या ओळीला, माहीत नाही. तेव्हापासून पान उलटायला हात उचलत नाही.

कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. सगळे त्या प्लेटकडे बघत होते. तरीही मी सगळं सांगितलं. तिचं मरण मी कुणाच्या रुमालाखाली झाकून ठेवणार नव्हतो.

निघताना मॅडम दारापर्यंत आल्या. खांद्याला हात लावत म्हणाल्या, "तुमचं दुःख मला समजतं. पण एक सुचवू? पुढच्या वेळी दुकानातलं बंद पाकीट आणा ना काहीतरी. सगळ्यांनाच सोयीचं पडेल."

बंद पाकीट. ज्याच्यावर कुणाच्या बोटांचे ठसे नसतात असं.

हातात डबा होता. तो बॅगेत घातला. म्हणालो, "बायको गेल्याचं दुःख माझं आहे, मॅडम. त्याला मी घरात जागा देईन. ती प्लेट तुमच्या खोलीतली आहे. ती तुम्ही उचला."



अमरावतीला न जाता मी बार्शीटाकळीला गेलो. शोभाने डबा उघडला, फुणका मोडला, तोंडात टाकला.

"मीठ कमी हाय भाऊजी."

मग मी सगळं सांगितलं. तिने खाणं थांबवलं नाही. ऐकत ऐकत एकेक संपवत गेली, जणू त्या खोलीतल्या सगळ्यांच्या वाटचं तीच खात होती. शेवटी हात धुऊन माझ्यासमोर बसली.

"काहून गेले होते तुमी तिथं? रडाचंच हाय तं आपल्या माणसात रडा. आमी हाओत ना. त्या लोकाइले काय सांगाचं आपलं दुःख?"

प्रेमाने म्हणाली. तिचीही बहीण गेली होती. पण परतीच्या बसमध्ये तिचं वाक्य मला टोचत राहिलं. आपल्या माणसात राहा. गावाच्या त्या बाजूला राहा. रेघ त्यांनी ओढली, आणि आता ती आम्हीच जपायची? शाळेत, नोकरीत, ग्रंथालयात आम्ही आत शिरलो ते कुणी या म्हटलं म्हणून नव्हे. मग मन बरं करायची खोली तेवढी त्यांची कशी?

त्या पुस्तकातला शेवटचा भाग मी राहू दिला होता. तो त्या आठवड्यात वाचला. उभ्यानेच, अडखळत. त्यात लिहिलं होतं, आधी ठरवा तुम्हाला काय मोलाचं आहे, मग त्या बाजूने एक कृती करा, भीती असली तरी. मॅडमनी मला पहिला अर्धा भाग शिकवला. दुसरा अर्धा प्लेटमध्ये ठेवून वर रुमाल टाकला.

मला अजून बसता येत नाही. हे खोटं सांगणार नाही. अजूनही मी चालत असतो. पेपर घरी येतो आणि घडी न मोडता पडून राहतो. मला उपचार हवा आहे. हीच पद्धत हवी आहे. ती मला पटली आहे, आणि एका बाईला ती नीट करता आली नाही म्हणून मी ती सोडणार नाही.

म्हणून पुन्हा फोन लावतो. अमरावती, अकोला, नागपूर, जिथे कुणी आहे असं कळेल तिथे. पण आता फोन करायची माझी रीत वेगळी आहे. वेळ कोणती, उभ्याने बोललं तर चालेल का, हे नंतर. आधी माझं नाव. मग गाव, आणि गावातली आमची बाजू, कुणी न विचारता. मग सुनंदाचं नाव. मग सांगतो की आम्ही तेरवी करत नाही, पुण्यानुमोदन करतो. मग त्या अर्ध्या फुणक्याचं सांगतो आणि विचारतो, तुमच्या खोलीत असं झालं तर तुम्ही काय कराल?

काही जण म्हणतात, आमच्याकडे असलं काही नसतं. मी नंबर खोडतो. एकाने विचारलं, "तुम्ही उपचारासाठी फोन केलाय की भांडायला?"

"दोन्हीसाठी," मी म्हणालो. "कधी येऊ?"